ग्रंथालयाचा सर्व्हर, रेपोंची यादी आणि थांबलेले अपडेट

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या पदवी कॉलेजच्या ग्रंथालयात एकच सर्व्हर आहे. त्यावर डेबियन ११ (लिनक्सची एक सिस्टीम), कोहा (ग्रंथालय सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची पीएचपी या भाषेत लिहिलेली एक साइट चालते. कोहा कोल्हापूरच्या माणसाने बसवलं, प्रश्नपत्रिकांची साइट हुबळीच्या. दोघंही आता फोन उचलत नाहीत. मागे एकदा अपडेट मारल्यावर मराठी आणि कन्नड पुस्तकं शोधात सापडेनात. आठवडाभराने कोल्हापूरच्याने दूरवरून लॉगिन करून काहीतरी केलं आणि शोध सुरू झाला, पण काय केलं ते सांगितलं नाही. तेव्हापासून प्राचार्य सरांनी ‘चालतंय ते चालू दे’ म्हणून अपडेट बंद करायला लावले. आता तपासणीला आलेल्यांनी ओपनएसएसएच (दूरवरून लॉगिन करू देणारं सॉफ्टवेअर) जुनं आहे असा शेरा मारलाय. ‘एपीटी अपडेट’ दिलं (एपीटी म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणणारं साधन) की दोन तक्रारी दिसतात. एक सिक्युरिटी रेपोची (रेपो म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात ते इंटरनेटवरचं कोठार), ४०४, म्हणजे पत्ता सापडत नाही, म्हणून. दुसरी पीएचपीच्या रेपोची, सहीची की (डिजिटल किल्ली) चालत नाही म्हणून. डेबियन १० वरून ११ वर कुणीतरी नेलं होतं, हेही तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, सगळं पुसून नव्याने बसवू का?

नव्याने बसवू नका. बसवलंत तरी हाच घोळ थोड्या दिवसांत परत येईल, कारण घोळ अपडेटमध्ये नाही. तुमच्या सर्व्हरवर कोणतं पॅकेज कुठून येतं हे आज कुणालाच माहीत नाही, आणि जे कुठून येतं ते ठाऊक नाही त्याच्या अपडेटची भीती वाटणारच. ती भीती खरी आहे, सरांना मी दोष देणार नाही. पण अपडेट बंद करणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. रेपोंची यादी एकदा नीट लावली की डेबियनचे सुरक्षा अपडेट रोज आपोआप येऊ देता येतात, आणि कोहा मात्र वर्षातून एक-दोनदा, सुट्टीत, हाताने. हे दोन प्रवाह वेगळे ठेवणं हेच तुमचं मुख्य काम आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ग्रंथालयं, पतसंस्था, छोटी हॉस्पिटलं यांचे सर्व्हर मी पाहतो. सगळीकडे हेच दिसतं. आपल्याकडे कामाला कधी कोल्हापूरचा माणूस येतो, कधी हुबळीचा, कधी पुण्याचा कुणी तिथूनच काम करतो. प्रत्येक जण आपल्या सोयीचा रेपो जोडतो, काम उरकतो आणि जातो. रेपोची ओळ मात्र मागे राहते. ती ओळ म्हणजे नुसता पत्ता नसतो. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतात. म्हणजे ज्याचा रेपो तुम्ही जोडलात त्याच्या हाती तुम्ही घराची किल्लीच दिलीत. म्हणून यादीत किती ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ कुणाची आहे, हे ग्रंथपालाला माहीत असायलाच हवं. ते समजायला संगणकाची पदवी लागत नाही.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप. कोहा रोज स्वतःचा बॅकअप घेतं आणि तो ‘व्हार’ मधल्या ‘स्पूल’ मधल्या ‘कोहा’ फोल्डरात ठेवतं. पण मुळात सेटिंग असं असतं की दोनच दिवसांच्या फाइली राहतात, आणि त्याही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेलं. ‘कोहा-डंप’ चालवून ताजी प्रत काढा आणि ती बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ग्रंथालयातल्याच एखाद्या बऱ्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आतच चालणारा आभासी संगणक) करून, त्यात तीच डेबियन आणि तेच कोहा टाकून, ही प्रत ‘कोहा-रिस्टोअर’ने उभी करून पाहा. याला अर्धा दिवस जाईल. तो घालवाच. उभी करून पाहिलेली नाही त्या प्रतीवर मी भरवसा ठेवत नाही. शिवाय हेच व्हर्च्युअल मशीन पुढे प्रत्येक मोठ्या अपडेटची रंगीत तालीम करायला कामी येतं, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

मग यादी. ‘ईटीसी’ मधल्या ‘एपीटी’ फोल्डरात ‘सोर्सेस.लिस्ट’ ही फाइल आहे आणि शेजारी ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ हे फोल्डर. दोन्हींतल्या सगळ्या ओळी वहीत उतरवून घ्या. वहीत म्हणतोय ते मुद्दाम. पुढचा माणूस येईल तेव्हा सर्व्हर बंदही असू शकतो. प्रत्येक ओळीसमोर ती कुणी घातली, कशासाठी, आणि आज तिची गरज आहे का, हे लिहा. त्यानंतर ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ चालवा. प्रत्येक रेपोला एपीटी किती प्राधान्य देतं ते त्यात दिसतं. शेवटी ‘एपीटी लिस्ट’ला ‘~ओ’ हा नमुना द्या, ओ इंग्रजी छोटा. सर्व्हरवर बसलेली पण आज कुठल्याही रेपोत नसलेली पॅकेजेस त्यात येतात. ती अनाथ आहेत. त्यांना अपडेट येणारच नाहीत, आणि एपीटी त्याबद्दल कुरकुरही करणार नाही.

आता ते ४०४. डेबियन १० चं नाव बस्टर, ११ चं बुल्सआय. बस्टरपर्यंत सुरक्षेच्या रेपोचं नाव ‘बस्टर/अपडेट्स’ या ढंगाचं असायचं. बुल्सआयपासून डेबियनने ते बदलून ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ केलं. तुमचा सर्व्हर १० वरून ११ वर नेताना त्या माणसाने सगळीकडे ‘बस्टर’ काढून ‘बुल्सआय’ लिहिलं असणार, म्हणून ती ओळ ‘बुल्सआय/अपडेट्स’ झाली. अशी जागाच अस्तित्वात नाही, म्हणून ४०४. प्राचार्य सरांनी अपडेट थांबवायच्या कितीतरी आधीपासून तुमच्याकडे सुरक्षेचे अपडेट त्या वाटेने येतच नव्हते, असा याचा अर्थ. मूळ रेपोतून अधूनमधून येणाऱ्या ११.१, ११.२ अशा सुधारित आवृत्त्यांतून काही दुरुस्त्या आल्या असतील, पण त्या मालिकेतली शेवटची ११.११ ऑगस्ट २०२४ मध्ये निघाली. त्यानंतर डेबियन ११ च्या सगळ्या दुरुस्त्या ‘बुल्सआय-सिक्युरिटी’मधूनच येतात. ओळ सुधारून पुन्हा ‘एपीटी अपडेट’ द्या, आणि मग ‘एपीटी लिस्ट’ला ‘अपग्रेडेबल’ हा पर्याय देऊन पाहा. यादी लांबलचक येईल. घाबरू नका, पण आज लगेच मारूही नका.

कारण त्या यादीत कोहाही असू शकतं. कोहाचा रेपो पाहा. त्या ओळीत आवृत्तीच्या जागी ‘स्टेबल’ लिहिलंय का? बसवणारे बहुतेक वेळा तेच लिहितात, कारण सूचनांमध्ये तसं सापडतं आणि शब्द ऐकायला भक्कम वाटतो. पण कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. म्हणून तर आवृत्त्यांची नावं २३.११, २४.०५, २४.११ अशी वर्ष आणि महिन्यावरून असतात. ‘स्टेबल’ हा शब्द दर खेपेला पुढच्या मोठ्या आवृत्तीकडे सरकतो. तुम्ही साधं ‘एपीटी अपग्रेड’ दिलंत, मनात होतं की ओपनएसएसएलची (जोडणी गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर) छोटी दुरुस्ती येईल, आणि सोबत कोहाची अख्खी नवी आवृत्ती येऊन बसली. पॅकेज बसतानाच डेटाबेसची रचनाही बदलली जाते. ती बदलली की जुनं पॅकेज परत टाकून मागे जाता येत नाही, बॅकअप उभा करणं हाच रस्ता उरतो. सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर हे झालं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

उपाय साधा आहे. ‘स्टेबल’च्या जागी आवृत्तीचा आकडा लिहा, म्हणजे आज २३.११ चालत असेल तर २३.११. त्या रेपोत त्या आवृत्तीच्या दुरुस्त्याच येतील, उडी बसणार नाही. उडी मारायची तेव्हा आकडा तुम्ही स्वतः, हाताने बदलाल. मात्र आकडा लिहून विसरून जायचं नाही. जुन्या आवृत्त्यांचा सांभाळ ठरावीक काळानंतर थांबतो, आणि थांबलेल्या आकड्यावर बसून राहणं म्हणजे परत अपडेट बंद ठेवणंच. वहीत त्या ओळीसमोर पुढची उडी कोणत्या सुट्टीत मारायची ते लिहून ठेवा. आपल्याकडे गणपतीची किंवा दिवाळीची सुट्टी बरी, कारण काही अडलंच तर दोन दिवस हाताशी असतात.

शोध कशामुळे बंद पडला, याचा माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे. कोहाच्या शोधामागे झेब्रा नावाचं इंजिन असतं. शब्द कसे तोडायचे हे सांगणाऱ्या त्याच्या सेटिंगमध्ये दोन पद्धती आहेत, सीएचआर आणि आयसीयू. सीएचआरची पद्धत रोमन लिपी समोर ठेवून केलेली आहे. देवनागरी आणि कन्नडसाठी आयसीयू लागतं, आणि ते ‘ईटीसी’ मधल्या ‘कोहा’ मधल्या ‘झेब्राडीबी’च्या ‘ईटीसी’त असलेल्या ‘डिफॉल्ट.आयडीएक्स’ या फाइलीत बदलावं लागतं. कोल्हापूरच्या माणसाने बसवताना ते बदललं होतं. पुढे अपडेटच्या वेळी नवीन पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असली की डीपीकेजी (एपीटीच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) थांबून विचारतं, तुमची फाइल ठेवू की पॅकेजमधली घेऊ? एंटर मारला तर तुमची राहते. वाय दाबलं तर पॅकेजमधली बसते, आणि मराठी-कन्नड शोध संपतो. इंग्रजी पुस्तकं सापडत राहतात, म्हणून कारण लवकर लक्षात येत नाही.

तपासून पाहा. त्या फोल्डरात ‘डिफॉल्ट.आयडीएक्स.डीपीकेजी-ओल्ड’ अशी फाइल पडलेली असेल तर अंदाज खरा. वाय दाबल्यावर डीपीकेजी जुनी फाइल फेकत नाही, शेवटी ‘डीपीकेजी-ओल्ड’ जोडून बाजूला ठेवतं. कोल्हापूरच्या माणसाने बहुधा त्यावरूनच सेटिंग परत आणलं आणि ‘कोहा-रिबिल्ड-झेब्रा’ चालवून सगळी सूची नव्याने बांधली. आता तुम्ही एक करा. आजच्या चालू फाइलीची प्रत बाहेर ठेवा आणि वहीत लिहा की हा प्रश्न आला तर नुसता एंटर मारायचा. नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी राहील, तिच्यात काय बदललंय ते सावकाश पाहता येईल.

कोहाच्या प्रत्येक अपडेटनंतर शोध कसा तपासायचा, तेही सांगतो, कारण नुसता एक मराठी शब्द टाकून भागत नाही. ळ असलेला शब्द घ्या, बेळगाव चालेल. ऱ्ह किंवा ऱ्या असलेला एखादा घ्या. हा अर्धा र काही कीबोर्ड ऱ ला हलन्त लावून करतात, काही र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगवेगळे वाटू शकतात. तुमच्याकडे जुन्या नोंदी एका पद्धतीने आणि नव्या दुसऱ्या पद्धतीने टंकल्या असण्याची दाट शक्यता आहे. कन्नड लिपीत एक लेखकाचं नाव, एक जोडाक्षराचं शीर्षक. असे सात-आठ शब्द आणि प्रत्येकाला आज किती पुस्तकं सापडतात तो आकडा लिहून ठेवा. अपडेटनंतर आकडे जुळले तर शोध शाबूत. सीमाभागातल्या ग्रंथालयात तीन-चार भाषांची पुस्तकं एकाच कपाटात असतात, आणि हा तपास बाहेरून येणारा कुणी तुमच्यासाठी करणार नाही.

पीएचपीच्या रेपोचं दुखणं वेगळं. प्रत्येक रेपोच्या सूचीवर मालकाची सही असते, ती सही एपीटी त्याच्या सार्वजनिक कीने पडताळतं. सूचीत प्रत्येक पॅकेजची ठसेवजा बेरीज (चेकसम) असते, त्यामुळे वाटेत कुणी फाइल बदलली तर लगेच कळतं. अशा कींना मुदत असते. मुदत संपली की मालक नवी की काढतो, आणि ती तुम्ही आणून ठेवली नाही तर एपीटी त्या रेपोला नकार देतं. हा नकार योग्य आहे. इंटरनेटवर शोधलंत तर ‘ट्रस्टेड इक्वल टू येस’ लिहा म्हणजे कटकट जाते, असा सल्ला मिळेल. तो कधीही ऐकू नका. तसं केलं तर सही तपासणंच बंद होतं.

पण त्याआधीचा प्रश्न, हा रेपो तुम्हाला हवाय का? कोहा पर्लमध्ये लिहिलेलं आहे, त्याला पीएचपी लागत नाही. प्रश्नपत्रिकांच्या साइटसाठीच तो आणला गेला. डेबियन ११ सोबत पीएचपी ७.४ येतं. पीएचपीच्या मूळ प्रकल्पाने ७.४ चा सांभाळ नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला असला तरी डेबियनची मंडळी आपल्या पॅकेजमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या घालत राहतात. साइट ७.४ वर चालत असेल तर बाहेरचा रेपो काढून टाका. नाही चालली तर माझं मत असं, की ती साइट मुळात कोहाच्या सर्व्हरवर असूच नये. प्रश्नपत्रिका म्हणजे पीडीएफ फाइली. त्या अपाचे या वेब सर्व्हरच्या एका साध्या फोल्डरात, पानावर यादी करून ठेवल्या तर पीएचपीची गरजच उरत नाही. सर्व्हरवर जितकं कमी, तितकं अपडेटचं ओझं कमी.

रेपो ठेवायचाच ठरला तर दोन कुंपणं घाला. एक, त्याची की सगळ्यांसाठी असलेल्या जुन्या सामाईक पेटीत ठेवायची नाही. ‘एपीटी-की’ ही जुनी आज्ञा आता बाद ठरवली आहे ती याचमुळे, तिने घातलेली की कुठल्याही रेपोवर सही करू शकते. की ‘कीरिंग्ज’ फोल्डरात ठेवून रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा पत्ता लिहा, मग ती तेवढ्याच रेपोपुरती चालते. दोन, पिनिंग, म्हणजे कोणत्या रेपोला किती प्राधान्य ते आपण ठरवून देणं. ‘प्रेफरन्सेस.डी’ फोल्डरात फाइल करून त्या रेपोच्या सगळ्या पॅकेजना ऋण आकडा द्या, म्हणजे एपीटी ती घेणारच नाही, आणि फक्त पीएचपीच्या नावांना ५०० द्या. हे केलं नाही तर बाहेरच्या रेपोत एखादं सामाईक ग्रंथागार (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड, सॉफ्टवेअरची लायब्ररी) थोडं नव्या क्रमांकाचं असलं की एपीटी निमूट तेच उचलतं. रेपोंचा नेहमीचा आकडा ५०० असतो, आणि बरोबरी झाली की मोठा क्रमांक जिंकतो.

तपासणीच्या शेऱ्याकडे येतो, कारण त्याचं उत्तर तुम्हाला लेखी द्यायचंय. तपासणीची बहुतेक साधनं नुसता आवृत्तीचा आकडा वाचतात. डेबियन मात्र स्थिर आवृत्तीत आकडा बदलत नाही. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती काढून ती जुन्या आवृत्तीतच शिवते, आणि पॅकेजच्या क्रमांकाला शेपूट जोडते, ‘डेब११यू’ आणि पुढे आकडा. १ जुलै २०२४ चं उदाहरण घ्या. ओपनएसएसएचमध्ये मोठी भेग जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७ (जाहीर झालेल्या भेगांना असा सीव्हीई क्रमांक मिळतो). मूळ प्रकल्पाने ९.८ आवृत्ती काढली. डेबियन १२ ने ९.२ च ठेवून तिच्यात दुरुस्ती घातली आणि शेपूट ‘डेब१२यू३’ झालं. साधन ९.२ वाचून धोका म्हणतं, सर्व्हर मात्र दुरुस्त असतो. तुमच्या डेबियन ११ मध्ये तर ओपनएसएसएच ८.४ आहे, आणि ती भेग ८.५ पासून पुढे शिरली होती. म्हणजे या एका भेगेपुरतं तुमचं जुनं पॅकेज मुळातच सुरक्षित होतं. पण याचा आधार घेऊन सगळंच ठीक आहे असं उत्तर देऊ नका, कारण सुरक्षेची ओळ तुटलेली असताना बाकीची भोकं उघडीच होती. आधी अपडेट मारा. मग बसलेल्या पॅकेजचा पूर्ण क्रमांक, शेपटासकट, आणि डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर त्या सीव्हीईसमोर बुल्सआयची जी स्थिती लिहिलेली असते ती, दोन्ही उत्तरात जोडा. ‘डेबसेकॅन’ हे छोटं साधन टाकलंत तर न बुजलेल्या सीव्हीईंची यादी तेच काढून देतं.

काही जण मला विचारतात की अपडेटमधूनच विष आलं तर? २९ मार्च २०२४ ला तेच उघड झालं. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरवाट घातलेली सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला किंचित जास्त वेळ का लागतो याचा छडा लावताना ती दिसली. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या शाखांमध्ये ती पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत नाही. म्हणून माझं सांगणं, सर्व्हरवर डेबियनची स्थिर आवृत्ती आणि तिची सिक्युरिटी शाखा, बस्स. नवीन सुविधेसाठी टेस्टिंगची ओळ जोडू नका. कधी बॅकपोर्ट्समधलं (स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसचा रेपो) एखादं पॅकेज लागलंच तर चालतं, त्या रेपोला एपीटी मुळातच १०० आकडा देतं, त्यामुळे नाव घेऊन मागितल्याशिवाय तिथून काही बसत नाही.

एवढी साफसफाई झाली की ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे अपडेट आपोआप बसवणारं पॅकेज टाका. डेबियनवर ते मूळ सेटिंगमध्ये फक्त डेबियनचेच अपडेट घेतं, कोहाचा रेपो त्याच्या यादीत नसतो. तो तिथे घालू नका. शिवाय एखाद्या पॅकेजमध्ये ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ’ हा प्रश्न येणार असेल तर ते पॅकेज ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ आपणहून वगळतं, त्यामुळे रात्रीत सेटिंग पुसलं जायची भीती नाही. आपोआप रिबूट बंदच ठेवा. ‘नीडरिस्टार्ट’ टाका. ग्रंथागार बदललं तरी चालू असलेली सेवा जुनंच स्मृतीत धरून बसलेली असते, तिला रिस्टार्ट करायला हवं हे ते सांगतं. कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदललं असेल तर ‘रिबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसते. शनिवारी दुपारी वाचक गेल्यावर रिबूट करा आणि कोहा उघडून पाहूनच घरी जा.

तुमच्याकडे सर्व्हर रात्री बंद करतात असं लिहिलंय. मग हे लक्षात ठेवा: एपीटीचं रोजचं काम सकाळी सहाच्या सुमारास ठरलेलं असतं, आणि मशीन तेव्हा बंद असेल तर चालू केल्याबरोबर ते सुरू होतं. म्हणजे नऊ वाजता कुलूप उघडून सर्व्हर लावला की पहिली काही मिनिटं तो कामात असणार. त्या वेळी हाताने एपीटी दिलंत तर लॉक आहे म्हणून नकार येईल. थांबा, लॉकची फाइल पुसू नका. आणि पॉवरचं बटण दाबून तर मुळीच बंद करू नका.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. अपडेट चालू असताना लाईट गेली तर डीपीकेजी अर्धवट राहतं. परत लावल्यावर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय दिले की ते राहिलेलं काम पूर्ण करतं, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण डेटाबेसची रचना बदलत असताना लाईट जाणं वाईट. म्हणून कोहाची उडी जून ते सप्टेंबरमध्ये मारायचीच असेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा. दुसरं, मदरबोर्डवरचा बटणसेल. तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ मागे पडतं, आणि एपीटी म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. सही, रेपो सगळं बरोबर असतं, तारीख चुकलेली असते. सेल बदला आणि वेळ एनटीपीवरून (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळ जुळवणं, १८० दिवसांचे लॉग ठेवणं आणि सायबर घटना ६ तासांत कळवणं हे तिन्ही आहे. चुकीच्या घड्याळाचे लॉग कुणाच्या उपयोगाचे नसतात.

नेट अगदीच मंद असेल आणि ग्रंथालयात डेबियनची आणखी तीन-चार मशीन असतील तर एकावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ टाका. एकाने उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथूनच मिळतं. एकच सर्व्हर असेल तर त्याच्या मागे लागू नका. ‘ॲप्टली’सारखी साधनं, ज्यात रेपोची गोठवलेली प्रत ठेवता येते, ती दहा-वीस सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. तुमचं काम त्यांच्याशिवाय उत्तम चालेल.

राहिली डेबियनची आवृत्ती. ११ ची दीर्घ मुदतीची साथ ३१ ऑगस्ट २०२६ ला संपते. त्यानंतर ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ची ओळ बरोबर असली तरी तिच्यातून काही येणार नाही. १२, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मध्ये निघाली, आणि तिला जून २०२८ पर्यंत साथ आहे. १३, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ ची. डेबियनमध्ये एक पायरी गाळून चढता येत नाही, ११ वरून १२, मग १३. तुम्ही १२ वर थांबलात तरी पुरे. क्रम असा ठेवा: आधी ११ चे सगळे राहिलेले सुरक्षा अपडेट, मग कोहा अशा आवृत्तीवर जी ११ आणि १२ दोन्हींवर चालते असं कोहाच्या पानावर लिहिलंय, आणि शेवटी डेबियन. प्रत्येक टप्पा आधी व्हर्च्युअल मशीनवर. डेबियन बदलताना बाहेरचे सगळे रेपो तात्पुरते बंद करा. आणि १२ मध्ये हार्डवेअरच्या फर्मवेअरसाठी (हार्डवेअर चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग आलाय, तो ओळीत घातला नाही तर नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर अडू शकतं. मागच्या वेळी नाव बदललेलं सुटलं होतं. या वेळी १२ चं रिलीज नोट्सचं पान आधी पूर्ण वाचा.

प्राचार्य सरांना सांगताना अपडेटची परवानगी मागू नका, यादी दाखवा. किती रेपो होते, कोणता तुटलेला होता, शोध नेमका कशाने बंद पडला, आणि आता काय बिघडलं तर किती वेळात मागे जाता येईल. बॅकअप उभा करून पाहिलेला असेल तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तासांत असेल. अशा उत्तरावर मी अजून कुठल्याही संस्थेत नकार ऐकलेला नाही.

तुम्ही आता ‘एपीटी-कॅश पॉलिसी’चा निकाल आणि ‘~ओ’ची यादी इथे टाका. त्यातून सर्व्हरचा पत्ता, संस्थेचं नाव आणि रेपोच्या ओळीत कुठे पासवर्ड असेल तर तो आधी काढा. पिनची फाइल तुमच्या यादीवरूनच लिहून देतो.